एक डांगर, तीन गिऱ्हाइकं

नगरच्या नेप्ती उपबाजारात कांद्याच्या एका आडतीवर मी दिवाणजी आहे. शेतकऱ्याचं वक्कल, म्हणजे त्यानं आणलेला माल, उतरतं, गोण्या ओळीनं लागतात, एखादी गोणी फोडून माल खाली ओतला जातो, व्यापाऱ्यांचा घोळका येतो, बोली होते आणि भाव माझ्या वहीत येऊन पडतो. पुढचं सगळं आकडेमोडीचं: वजन, हमाली, तोलाई, वाराई आणि तळाला निव्वळ रक्कम. २०१६ साली आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम आला तेव्हा पट्टीतली, म्हणजे शेतकऱ्याला देतो त्या हिशेबाच्या कागदातली, एक ओळ गेली. तेवढा बदल सोडला तर माझ्या कामात नवं काही घडत नाही. लिलाव म्हटलं की मला एवढंच ठाऊक: घेणारा भाव खाली ओढणार, विकणारा गप्प उभा राहून ऐकणार आणि संध्याकाळी जमा-नावे जुळणार.

म्हणून नेवासे तालुक्यातले आमचे एक जुने शेतकरी पट्टी घेता घेता म्हणाले, “दिवाणजी, रविवारी आमच्या चर्चला हंगामाचा सण हाय. लिलाव असतोय. वही लिवणारं आमचं पोरगं पुण्याला कामाला लागलं. तुम्ही बसाल का?” तेव्हा मी फारसा विचार न करता म्हणालो, “बसतो की काका, त्यात काय!” तासाभराचं काम, वर जेवण. आपल्या हातचा मळ.

मी पाथर्डी तालुक्यातला, घरात पंढरीची वारी. नगरमध्ये राहणाऱ्याला चर्च नवीन नसतं. मिशनच्या शाळा, दवाखाने, ह्यूम मेमोरियल चर्च, सगळं येता-जाता दिसतं आणि नाताळला केकची बशीही घरी येते. पण आत पाऊल टाकायची वेळ कधी आली नव्हती. त्या रविवारी दारातच पहिला प्रश्न पडला, चपला काढायच्या की नाही? बाहेर चपलांचा ढीग दिसला आणि तो सुटला. आत सतरंज्या अंथरलेल्या, एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. पुढं पेटी, तबला आणि चक्क टाळ. टाळ बघून जिवात जीव आला. गायन सुरू झालं तर चाल ओळखीची निघाली, शब्द तेवढे वेगळे. नगरच्याच कृष्णराव सांगळ्यांनी १८६०च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं आणि पुढं रेव्हरंड टिळकांनी अभंगाच्या वळणानं शेकडो पदं लिहिली, हे मला नंतर समजलं. त्या वेळी मी नुसतीच मान डोलवत होतो, आणि कुठं थांबायचं ते न कळल्यामुळं सगळे थांबल्यावरही डोलवत होतो.

पुढची बाजू बघण्यासारखी होती. दोन्ही अंगांना उसाच्या मोळ्या उभ्या, मधे बाजरीच्या कणसांच्या जुड्या, तुरीच्या हिरव्या शेंगा, कपाशीची बोंडं, पेरू, सीताफळं, मेथीच्या जुड्यांचा ढीग आणि या सगळ्याच्या मधोमध एक भलंमोठं डांगर. त्याच्याकडं मी तेव्हा नुसतं कौतुकानं पाहिलं. तासाभरात तेच माझी वही बिघडवणार आहे याची कल्पना नव्हती.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी रूथची गोष्ट सांगितली. परक्या मुलखातून आलेली विधवा सून, सासूला घेऊन राहते आणि कापणीच्या वेळी दुसऱ्याच्या शेतात मजुरांच्या मागं मागं सरवा वेचते. शेत कापताना कडा पुरत्या कापू नका, खाली पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि उपऱ्याचं आहे, असा नियम त्यांच्या शास्त्रात घालून दिलेला आहे, असं पाळकसाहेब म्हणाले. इथं मात्र मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझी आजी सरवा वेचायला जायची. बाजरीची काढणी झालेल्या रानात हातातली चुंबळ सावरत, वाकून, उरलीसुरली कणसं गोळा करत फिरणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्यात. कोणता शेतकरी बघून न बघितल्यासारखं करतो आणि कोणता बांधावरून ओरडतो, हे त्या बायकांना नेमकं माहीत असायचं. सरवा वेचणाऱ्यांत अडीच हजार मैलांवरची कोणी रूथही होती, हे आजीला कळलं असतं तर तिनं पहिला प्रश्न विचारला असता: “तिच्या रानाचा मालक कसा होता गं?”

मग अर्पण सुरू झालं. लोक रांगेनं पुढं येऊ लागले. एका पोरानं काखेत गावरान कोंबडा धरला होता आणि प्रार्थना ऐन रंगात आल्यावर त्यानं बांग दिली. कोणी हसलं नाही, मीच एकटा हसलो. ज्यांना शेत आहे त्यांचं सोपं होतं. पण शिंपीकाम करणाऱ्या एका बाईनं कापडी पिशव्या शिवून आणल्या होत्या. साखर कारखान्यातल्या एका कामगारानं साखरेची पिशवी ठेवली. एसटीत असलेल्या एकानं दुकानातूनच घेतलेली डाळ आणली होती आणि तो जरा ओशाळल्यासारखा दिसत होता. पाळकसाहेबांनी त्याची पिशवी सगळ्यांत पुढं, उसापाशी ठेवली. शब्बाथशाळेच्या मुलांनी कागदी फुलं आणली. आणि एक म्हातारी आजी पदरात सहा अंडी घेऊन आली. गर्दीत फुटू नयेत म्हणून ती सगळ्यांत शेवटी आली होती.

पाळकसाहेबांनी उपकारस्तुती केली. पाऊस आला त्याबद्दल आणि जिथं कमी आला तिथं निभावलं त्याबद्दल. नगर जिल्ह्यात दुसरं कलम वगळून चालतच नाही.

इथपर्यंत माझा गोंधळ साध्या पाहुण्याचा होता. खरा सुरू झाला तो बाहेर लिंबाखाली टेबल मांडल्यावर. मी वहीत रकाने आखले: अनुक्रमांक, माल, देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, रक्कम. लिलाव पुकारायला निवृत्त झालेले एक गुरुजी होते, आवाज असा की माईकची लाज वाटावी. त्यांनी माझ्या वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “देणाऱ्याचं नाव खोडा.”

“का हो गुरुजी? माल कोणाचा ते नको?”

“नको. घेणाऱ्याचं लिहा. त्याच्याकडून पैसे वसूल करायचेत.”

हे कारण इतकं व्यवहारी होतं की मी निमूटपणे रकाना खोडला. नेप्तीला देणाऱ्याच्या नावाशिवाय वक्कल खालीसुद्धा उतरत नाही.

पहिलंच डांगर आलं. गुरुजींनी शंभरापासून सुरुवात केली. मी मनात धरलं, दीडशेला सुटेल. दोनशे झाले, तीनशे झाले, पाचशेला एक जण अडला, दुसऱ्यानं सातशे केले. “एक वार, दोन वार, तीन वार!” डांगर सुटलं. मी लिहिलं. सातशे रुपयांना डांगर घेणाऱ्या गृहस्थांनी ते उचललं, डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवलं आणि परत टेबलावर ठेवलं. “पुन्हा लावा!”

मी पेन उचललं आणि आधीच्या ओळीवर काट मारणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या काकांनी हात धरला. “काट नका मारू. पैसे आलेत त्यांचे.”

“मग डांगर?”

“डांगर ऱ्हाऊ द्या. त्ये परत विकायचं.”

ते परत विकलं गेलं. पाचशेला. घेणाऱ्या बाईनं तेही ठेवून दिलं. तिसऱ्यांदा ते एका तरुण जोडप्यानं घेतलं, लग्नानंतरचा पहिला सण म्हणून, आणि तेव्हा कुठं ते डांगर मोटारसायकलवर बसून गेलं. माझ्या वहीत माल एक, गिऱ्हाइकं तीन, रक्कम तीनदा. असा हिशेब मी बाजारात लिहिला असता तर बाजार समितीनं मला विचारणा केली असती आणि मालकानं घरचा रस्ता दाखवला असता. तिथं मात्र सगळे समाधानी होते. अस्वस्थ मी एकटाच. पुढच्या चार-सहा वस्तूंनंतर मी ‘माल’ या रकान्यात आकडे लिहिणं सोडून दिलं.

कोंबड्यावर जोरात बोली लागली. दोन चुलतभाऊ समोरासमोर होते; त्यांच्यात बांधावरून जुनं काहीतरी आहे, हे माझ्या कानात सांगायला तीन वेगवेगळे लोक आले. एकानं हजार म्हटलं की दुसरा अकराशे. लोक टाळ्या वाजवत होते. गुरुजी तर मुद्दाम थांबत होते, पाणी पीत होते, “दोन वार” म्हटल्यावर खोकत होते. भाऊबंदकीवर चर्चचे पत्रे बसत असतील तर बसू देत, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला ते थोडं खटकलं. दान करताना ही ऐट कशाला? उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये असं यांच्याच ग्रंथात आहे, एवढं तर मलाही माहीत. मी चहाच्या वेळी गुरुजींना तसं विचारलंही. ते हसले. म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. पण कोंबडा आणणाऱ्या पोराचं नाव तुम्ही लिहिलंय का?” नव्हतं लिहिलं. “मग डाव्या हाताला कळलेलं नाही. कळलं ते घेणाऱ्याचं, आणि तो कोंबडा खाणार आहे.”

हे उत्तर चलाख आहे, पुरं पटलेलं नाही. ऐट ती ऐटच. पण त्यानंतर आजींच्या अंड्यांचा लिलाव झाला आणि माझ्या आक्षेपातली बरीच हवा गेली.

गुरुजींनी सहा अंडी एकदम लावली नाहीत. एकेक लावलं. पहिलं अंडं शंभराला गेलं, दुसरं त्याहून जास्त. तिसरं अंडं एका डॉक्टरीण बाईंनी घेतलं आणि परत ठेवलं, मग तेच पुन्हा विकलं गेलं. सहा अंड्यांचे जे पैसे झाले त्यात बाजारात अंड्यांचे कित्येक ट्रे आले असते. आजी पोत्यावर बसून होत्या. आपली अंडी कोणी किती रुपयांना घेतली हे त्यांना नीट ऐकूही येत नसावं. शेजारची मुलगी कानात ओरडून सांगत होती आणि त्या दर वेळी “येडे हायेत” म्हणून तोंडाला पदर लावत होत्या.

मी रोज ज्या लिलावात बसतो तिथं थोडा माल घेऊन येणाऱ्याचं सगळ्यांत जास्त नुकसान होतं. पाच गोण्या घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या वकलापाशी व्यापारी जेमतेम थांबतात. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, असेल तर वाकूनही बघत नाहीत. गाडीभाडं निघत नाही. मोठ्या वकलाला भाव, लहानाला बोळवण. इथं उलटं झालं. ज्यांच्याकडं नोटा होत्या त्यांनी आजींच्या सहा अंड्यांपुढं नोटा ठेवल्या आणि त्या सगळ्या रकमेत पहिलं देणं आजींचं राहिलं. नुसती पेटी फिरवली असती तर आजींनी दहा रुपये टाकले असते आणि डॉक्टरीण बाईंनी पाचशे, हिशेब तिथंच संपला असता. बायबलमध्ये मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे दोन चिमुकली नाणी, टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आहे, तीही गुरुजींनीच सांगितली. तिथं तिच्या दोन टोल्यांचं मोल एकट्या येशूनं ओळखलं. लिंबाखाली ते सगळ्या गावानं, बोली लावून, ओळखलं. मला वाटतं या लिलावाची युक्ती हीच आहे, आणि ज्यानं कोणी ती पहिल्यांदा काढली त्याला बाजार चांगला कळत असला पाहिजे.

ती काढली कोणी, याचा मी नंतर माझ्या परीनं शोध घेतला. गुरुजींनी धागा दिला होता, पुढचं वाचनालयात बसून वाचलं. नगरचं मिशन अमेरिकेतून आलेलं, म्हणून सुरुवात तिथून केली. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते. मूळ सांगतात १६२१ सालचं: मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर प्लिमथला उतरलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांची पहिली सुगी झाली आणि तिथल्या वाम्पानोआग लोकांसोबत त्यांनी तीन दिवस जेवणावळी केल्या. लिंकननं १८६३ साली यादवी युद्ध चालू असतानाच तो राष्ट्रीय दिवस जाहीर केला आणि चौथा गुरुवार कायद्यानं ठरला १९४१ साली. ज्या वाम्पानोआगांनी त्या नवख्यांना मका पिकवायला शिकवलं त्यांच्या जमिनी पुढं गेल्या. त्यांचे वंशज १९७० पासून त्याच दिवशी प्लिमथला शोकदिन पाळतात. आभाराच्या सणाला ही दुसरी बाजू आहे.

प्लिमथवाल्यांच्या धर्मपरंपरेतल्या न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांनी १८१० मध्ये परदेशी कामासाठी एक बोर्ड स्थापन केलं. त्या बोर्डाची माणसं १८१३ मध्ये मुंबईला आणि १८३१च्या डिसेंबरात नगरला पोचली. हेच ते अमेरिकन मराठी मिशन. म्हणजे त्या नोव्हेंबरातल्या गुरुवारचे नातेवाईक नगरला येऊन दोनशे वर्षं होत आली! आपल्याकडचा हंगामाचा सण मात्र त्या गुरुवारची नक्कल नाही. चर्चमध्ये धान्य मांडून सुगीचा रविवार पाळायची आजची रीत इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये १८४३ साली एका पाळकानं रूढ केली असं मानतात. अर्पणाचा लिलाव केरळपासून इकडं अनेक ठिकाणी चालतो. आणि खळ्यावर धान्याची रास झाल्यावर घरी नेण्याआधी त्यातलं दुसऱ्याच्या सुपात घालायची सवय तर नगरच्या मातीला कोणी बोटीनं आणून दिलेली नाही. बलुतेदाराला मिळायचं तो त्याचा हक्क होता, दान नव्हे, आणि मागतकऱ्याला मिळायचं ते दान. आमच्या घरात पोळ्याला बैलाला पुरणपोळी चारून झाल्याशिवाय कोणी जेवत नाही. गोदाकाठी सरला बेटाचा सप्ताह लागला की गावोगावच्या चुली भाकऱ्यांसाठी पेटतात आणि त्या टेम्पोत भरून जातात. माझ्या मामींच्या भाकऱ्या तिथं कोणी खाल्ल्या हे मामींना कळत नाही. नाव न लिहिलेलं देणं मी जन्मभर पाहत होतो. वहीत बसवायची वेळ फक्त आली नव्हती.

वाचताना एक गोष्ट मला, वही लिहिणारा म्हणून, फार आवडली. त्या अमेरिकन बोर्डाचं ‘मिशनरी हेरल्ड’ नावाचं मासिक निघायचं आणि त्यात देणग्यांच्या याद्या छापलेल्या असायच्या, गावागावांच्या, बारीक अक्षरात, डॉलर आणि सेंटसकट. न्यू इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातल्या बायकांच्या मंडळानं जमवलेली किरकोळ रक्कमसुद्धा तिथं नोंदलेली. असल्या चिल्लरीवर चालणाऱ्या त्या बोर्डानं सिंथिया फरार या शिक्षिकेला आधी मुंबईला पाठवलं. १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि अध्यापनाचं शिक्षण घ्यायला सावित्रीबाई त्यांच्याकडंच आल्या. कोणत्या बाईनं टाकलेला कोणता सेंट कुठं जाऊन लागला, हे त्या यादीत कुठल्याच रकान्यात येत नाही.

दुसरी नोंद दुष्काळाची. १८९९-१९००च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला तेव्हा अमेरिकेतल्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकानं वाचकांकडून वर्गणी गोळा करून ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून मका पाठवला, सुमारे २ लाख बुशेल, म्हणजे जवळजवळ ५,००० टन. जहाजाचं भाडं अमेरिकन सरकारनं दिलं. नगरच्या मिशनमधले डॉ. रॉबर्ट ह्यूम अमेरिकन मदतीच्या कामात पुढं होते. त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं. वाम्पानोआगांनी शिकवलेला मका पावणेतीनशे वर्षांनी असा मुंबई बंदरात उतरला. बाजरीवर वाढलेल्या लोकांनी त्याच्या भाकरी कशा थापल्या असतील, हा प्रश्न माझ्या आईनं विचारला. मक्याची भाकरी थापताना चिरते, असं तिचं म्हणणं.

आता तिकडं या हंगामात काय चालतं, ते न्यू जर्सीतल्या माझ्या मामेभावाकडून ऐकलं. त्याच्या ऑफिसात नोव्हेंबरात खोके ठेवतात, लोक डबाबंद अन्न टाकतात, ते गरजूंच्या कोठारात जातं. मराठी मंडळातल्या घरांतूनही डबे जातात. थँक्सगिव्हिंगनंतरचा मंगळवार २०१२ पासून खास देणगीचा म्हणून पाळतात. म्हणजे गुरुवारी आभार, शुक्रवारी प्रचंड सवलतींची खरेदी आणि मंगळवारी दान. मधले दिवस बहुधा बिलं बघण्यात जात असावेत.

आपल्याकडं परत येतो. लिलाव संपला तेव्हा दुपार कलली होती. जेवणावळ उठली आणि मी बेरीज करायला बसलो. बेरीज जुळली, मालाशी जुळण्याचा प्रश्नच नव्हता. पण रोख होती निम्म्याहून कमी. बाकी सगळी उधारी. “कारखान्याची उचल आल्यावर”, “कपाशी मोडल्यावर”, “कांद्याची पट्टी झाल्यावर”. मी काकांना विचारलं, हे बुडवत नाहीत का? ते म्हणाले, बँकेचं थकवतील, सोसायटीचं थकवतील, हंगामाचं थकवत नाहीत. मग जरा थांबून म्हणाले, “थकवलं तर गुरुजी पुढच्या सणाला माईकवर नाव घेत्यात.”

पैशांचं काय करायचं यावर कमिटी तिथंच बसली. पाळकांच्या पगारातला चर्चचा वाटा, दोन मुलांची फी, आजारी असलेल्या एकाला औषधपाण्यासाठी, आणि छताला रंग. फी कोणाची आणि औषध कोणाला, हे माझ्यासमोर बोलले नाहीत, कागदावर नुसती रक्कम लिहिली. ते मला आवडलं. छताच्या रंगाचं आवडलं नाही. रंग आणखी एक वर्ष थांबला असता आणि औषधाची रक्कम वाढली असती, असं माझं मत होतं. पाहुण्यानं बोलायचं नसतं म्हणून गप्प बसलो. गुरुजींनी मात्र खाती वेगळी पाडून मागितली: रविवारचं अर्पण एका पानावर, दशमांश दुसऱ्या आणि हंगाम तिसऱ्या. एकातलं दुसऱ्यात जाता कामा नये. आपल्या जिल्ह्याला आता ज्यांचं नाव आहे त्या अहिल्यादेवी, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, त्यांनीही काशीपासून रामेश्वरपर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं उभारली ती स्वतःच्या खासगीतून. दौलतीचा खजिना वेगळा. दिवाणजी जातीचे लोक या बाबतीत सगळे एकाच धर्माचे असतात.

त्या दिवसापासून माझ्या कामात एक भर पडली. त्या गावचे काही शेतकरी लाल कांदा आमच्याच गाळ्यावर आणतात. पहिल्या पट्ट्या झाल्या तशी माणसं काउंटरवर येऊन सांगायला लागली, “दिवाणजी, ह्यातले हंगामाचे बाजूला काढा, वही तुमच्याकडंच हाय ना.” पट्टीत हे लिहिता येत नाही. पट्टीत हमाली येते, तोलाई येते, वाराई येते. म्हणून मी वेगळं पाकीट केलंय, वर नाव आणि रक्कम, आणि काका आले की त्यांच्या हवाली करतो. भाव कोसळलेला होता अशा एका दिवशी एका शेतकऱ्याच्या हातात गाडीभाडं जाऊन फार थोडं उरलं होतं. मी आपणहून म्हणालो, राहू द्या, पुढच्या वेळी बघू. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच त्याचे पैसे थकवतोय. दोनशे रुपये मोजून ठेवले आणि सही मागितली.

पुढच्या सणाला मला पुन्हा बोलावलंय, या वेळी काहीतरी घेऊन यायला सांगितलंय. आमच्या रानातल्या बाजरीची पायली नेणार आहे. आईनं निवडून ठेवली आहे.

हा सण वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या रविवारी असतो, बहुतेक ठिकाणी सुगीच्या आगेमागे. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर विचारून घ्या आणि जा. बाहेरचा म्हणून मला कोणी अडवलं नाही, उलट जेवल्याशिवाय सोडलं नाही. रोख घेऊन जा, उधारी वसूल करणाऱ्याचे हाल मी बघतोय. अंड्यावर बोली लागली की बाजारभाव मनात आणू नका. आणि तुम्हाला कोणी वही लिहायला बसवलंच, तर मालाचा रकाना आखू नका. कामाला येत नाही.